नाकाची ॲलर्जी आणि हरवलेली चिठ्ठी

संध्याकाळी आठच्या सुमारास शहरातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानासमोर पाच मिनिटे उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेले गृहस्थ, मुलासाठी तापाचे औषध मागणारी आई अशा गर्दीत कोणीतरी नाकाला रुमाल लावून पुढे होतो आणि म्हणतो, 'सर्दीचं काहीतरी द्या, झोप न येणारं.' काउंटरमागचा मुलगा खणातून एक स्ट्रिप काढतो, कात्रीने चार गोळ्या कापतो आणि कागदी पुडीत घालून देतो. कोणी कोणाला वय विचारत नाही, रक्तदाब विचारत नाही, किती दिवसांपासून त्रास आहे हेही विचारत नाही. स्ट्रिप कापल्यामुळे औषधाचे नाव, त्याची मुदत आणि 'केवळ नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीवरच विकावे' हा कायद्याने छापलेला इशारा बहुधा उरलेल्या तुकड्यासह दुकानातच राहतो.

या छोट्याशा व्यवहारात आपल्या आरोग्यव्यवस्थेतली एक मोठी विसंगती सामावलेली आहे. नाकाच्या ॲलर्जीवर आज उत्तम औषधे उपलब्ध आहेत. कोणते औषध आधी द्यावे आणि कोणते राखून ठेवावे, याविषयी जगभरच्या तज्ज्ञांत बऱ्यापैकी एकमत आहे. तरीही आपल्याकडचा शहरी रुग्ण सर्वांत उपयुक्त औषधाला घाबरतो आणि ज्यांच्याबद्दल खरी सावधगिरी हवी ती औषधे मात्र चणे-फुटाण्यांसारखी घेतो. हे असे का घडते याचे उत्तर औषधशास्त्रापेक्षा 'चिठ्ठी' या गोष्टीच्या आपण केलेल्या अवमूल्यनात अधिक सापडते.

सर्दी नव्हे, दाह

मुळात नाकाची ॲलर्जी म्हणजे 'वारंवार होणारी सर्दी' हा समजच चुकीचा आहे. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते. ॲलर्जीचे तसे नाही. धुळीतील सूक्ष्म कीटक, बुरशी, झुरळांचे अवशेष, परागकण, पाळीव प्राण्यांचा कोंडा अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींना शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध 'इम्युनोग्लोब्युलिन ई' नावाची प्रतिपिंडे तयार करते. पुढच्या वेळी तोच पदार्थ नाकात शिरला की मास्ट पेशी फुटून हिस्टामिन बाहेर पडते. काही मिनिटांत शिंका, खाज आणि पाण्यासारखे नाक वाहणे सुरू होते. हा झाला पहिला टप्पा. दुसरा टप्पा काही तासांनी येतो. त्यात दाह निर्माण करणाऱ्या पेशी नाकाच्या आवरणात जमा होतात, ते सुजते आणि नाक चोंदते. अनेक वर्षे त्रास असलेल्या रुग्णाची मुख्य तक्रार शिंकांपेक्षा चोंदलेल्या नाकाची असते, ती यामुळेच.

हे दोन टप्पे लक्षात ठेवले की उपचारांचे निम्मे गणित सुटते. हिस्टामिनला अटकाव करणारी गोळी शिंका, खाज आणि वाहणारे नाक आवरते. सुजलेल्या आवरणावर तिचा प्रभाव मर्यादित असतो. त्यासाठी दाह कमी करणारेच औषध लागते.

महाराष्ट्राच्या हवामानात या रोगाला पोषक गोष्टींची वाण नाही. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत गाद्या-उशा, पडदे आणि सोफ्यांमध्ये धुळीतील सूक्ष्म कीटक सुखाने वाढतात. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी येते. पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्यास प्रथम नोंदले गेलेले आणि पुढे देशभर फोफावलेले गाजरगवत त्वचेच्या ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहेच, पण त्याचे परागकण नाकालाही सोडत नाहीत. त्यात बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर, उदबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूर यांची भर पडते. हे धूर ॲलर्जी निर्माण करतातच असे नाही, पण आधीच दुखावलेल्या नाकाला ते अधिक चिडवतात.

'शिंकांनी कोणी मरत नाही' असे म्हणून हा आजार हसण्यावारी नेला जातो. पण चोंदलेल्या नाकाने झोपलेल्या माणसाची झोप तुटक असते आणि त्याचा दुसरा दिवस मंद जातो. ब्रिटनमध्ये १५ ते १७ वयोगटातील सुमारे १,८०० विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सराव परीक्षेच्या तुलनेत अंतिम परीक्षेत ज्यांची श्रेणी घसरली, त्यांच्यात परीक्षेच्या दिवसांत परागज्वराचा त्रास असलेल्यांचे प्रमाण लक्षणीय होते. गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी घेतलेल्यांमध्ये श्रेणी घसरण्याची शक्यता त्याहून अधिक होती. म्हणजे रोगाने एक नुकसान केले आणि चुकीच्या उपचाराने दुसरे. शिवाय नाक आणि फुप्फुसे ही एकाच श्वसनमार्गाची दोन टोके आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'आरिया' या तज्ज्ञगटाने हाच मुद्दा मध्यवर्ती मानला आहे. नाकाच्या ॲलर्जीच्या अनेक रुग्णांना दमाही असतो किंवा पुढे जडतो, आणि नाक आटोक्यात नसेल तर दमाही आटोक्यात राहणे कठीण होते.

स्ट्रिपमध्ये दडलेले काय?

मग दुकानातून मिळालेल्या त्या चार गोळ्यांमध्ये नेमके काय असते? आपल्याकडच्या 'सर्दीच्या गोळी'त बहुधा तीन औषधे एकत्र असतात: तापासाठी पॅरासिटामॉल, शिंकांसाठी क्लोरफेनिरामिनसारखे जुन्या पिढीचे अँटिहिस्टामिन आणि नाक मोकळे करण्यासाठी फिनाइलएफ्रिन.

यांतील पॅरासिटामॉलची ॲलर्जीच्या रुग्णाला गरज नसते, कारण त्याला ताप नसतो. क्लोरफेनिरामिन मेंदूपर्यंत पोचते आणि गुंगी आणते. स्कूटर चालवणाऱ्याला, यंत्रावर काम करणाऱ्याला किंवा अभ्यास करणाऱ्या मुलाला ती परवडणारी नसते. वृद्धांमध्ये त्याने लघवी अडकणे, गोंधळल्यासारखे होणे असे त्रासही होऊ शकतात. फिनाइलएफ्रिनची कथा तर आणखी उद्बोधक आहे. पोटातून घेतलेले हे औषध नाकापर्यंत पोचण्यापूर्वीच मोठ्या प्रमाणात निष्प्रभ होते. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने उपलब्ध पुरावे तपासून, तोंडाने घेतलेले फिनाइलएफ्रिन नाक मोकळे करण्यास परिणामकारक नाही, असा एकमुखी निष्कर्ष काढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने ते विनाचिठ्ठी औषधांच्या मान्य यादीतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. आक्षेप परिणामकारकतेवर होता, सुरक्षिततेवर नव्हे. तरी प्रश्न उरतोच: ज्याचा उपयोग नाही ते औषध घ्यायचे कशाला?

भारतातही हालचाल झालेली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांत सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिनबरोबर पॅरासिटामॉल आणि फिनाइलएफ्रिन यांची सरमिसळ केलेली औषधेही होती. मिश्र औषधांचा हा तिढा जुना आहे. २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर घातलेली बंदी दिल्ली उच्च न्यायालयात रद्द झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. बंदी, स्थगिती आणि फेरबंदी यांच्या या खेळात रुग्णाच्या हाती पडणारी गोळी मात्र सहसा आपले नाव बदलून खणात परत येते.

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आणि परिसरात विषारी सिरपमुळे वीसहून अधिक बालकांचा बळी गेला. ते सिरपही याच तीन औषधांचे होते. मृत्यूचे कारण ती औषधे नव्हती; त्यात मिसळलेले डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक रसायन होते. शासकीय प्रयोगशाळांच्या तपासणीत त्याचे प्रमाण शेकडा ४५हून अधिक आढळले. पण दोन प्रश्न उरतातच. त्या वयाच्या मुलांना हे मिश्रण देण्याची गरज होती का? आणि त्यांतल्या अनेकांना ते डॉक्टरांनीच लिहून दिले होते, याचा अर्थ काय? या घटनेनंतर केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सामान्यतः टाळावीत, असे पुन्हा बजावले. चिठ्ठी हातात असणे म्हणजे विचार झालेला असणे नव्हे, हा या दुर्घटनेचा कटू धडा आहे.

कायदा आहे, पण कागदावर

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० सालचा आणि त्याखालील नियम १९४५ सालचे. या नियमांतील 'अनुसूची एच'मधील औषधे नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्रीने देता येत नाहीत. ॲलर्जीसाठी सर्रास खपणारे माँटेलुकास्ट याच अनुसूचीत मोडते. प्रत्यक्षात मात्र एकदा मिळालेली चिठ्ठी वर्षानुवर्षे चालते, शेजाऱ्याला चालते, आणि पुढे रिकामी स्ट्रिप दाखवली तरी काम होते.

महाराष्ट्रात या नियमांची अंमलबजावणी करण्याचा गंभीर प्रयत्न झाला नाही असे नाही. २०१२-१३च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी दुकानात फार्मासिस्ट हजर असणे आणि चिठ्ठीवरच औषध देणे या दोन गोष्टींचा आग्रह धरून तपासण्यांची मोहीम उघडली. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी बंदचे हत्यार उपसले. त्या वेळी विक्रेत्यांनी मांडलेला एक मुद्दा मात्र सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता. साध्या शिंकांसाठी प्रत्येकाने डॉक्टरांचे शुल्क भरावे आणि अर्धा दिवस दवाखान्यात बसावे, ही अपेक्षा व्यवहार्य आहे का?

याचे उत्तर चिठ्ठीविना विकता येण्याजोग्या सुरक्षित औषधांची स्पष्ट यादी हे आहे. केंद्राने मे २०२२ मध्ये अशा १६ औषधांचा मसुदा प्रसिद्ध केला. नाकापुरते बोलायचे तर त्यात मिठाच्या पाण्याचा फवारा होता, ऑक्सिमेटाझोलिन आणि झायलोमेटाझोलिन ही नाक मोकळे करणारी औषधे होती आणि गुंगी आणणारे डायफेनहायड्रामिनही होते. पाच दिवसांहून अधिक वापर नको, अशी अटही होती. पण ॲलर्जीवर सर्वांत परिणामकारक मानला जाणारा स्टेरॉइडचा फवारा त्यात नव्हता, आणि नव्या पिढीचे गुंगी न आणणारे अँटिहिस्टामिनही नव्हते. ज्या औषधांची सवय लागण्याची धास्ती, ती हाताशी. ज्यांनी रोग आटोक्यात येतो, ती दूर. काउंटरवरची विसंगती मसुद्यातही उतरली होती.

उपचारांच्या पायऱ्या

मग योग्य उपचार कोणते? आठवड्यातून चार दिवसांपेक्षा कमी किंवा सलग चार आठवड्यांपेक्षा कमी काळ होणारा त्रास 'आरिया'च्या वर्गीकरणात अधूनमधूनचा मानला जातो. त्यापलीकडचा त्रास चिवट. झोप, काम किंवा शाळा यांत अडथळा येत असेल, तर तो मध्यम ते तीव्र. डॉक्टरांनी विचारायचे पहिले प्रश्न एवढेच असतात. त्यांची उत्तरे मिळाली की उपचारांचा क्रम बराचसा ठरतो.

सौम्य आणि अधूनमधूनच्या त्रासासाठी नव्या पिढीचे अँटिहिस्टामिन पुरेसे असते: लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन, सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन. ही औषधे मेंदूत कमी शिरतात. तरी शेवटच्या दोहोंनी काही जणांना झोप येते, हे वाहनचालकाने लक्षात ठेवावे. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतल्यास कमी शोषले जाते. ते पाण्याबरोबरच घ्यावे. मे २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने आणखी एक बाब समोर आणली. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन अनेक महिने, वर्षे रोज घेऊन अचानक थांबवल्यास क्वचित काहींच्या अंगाला तीव्र खाज सुटते. अशी उदाहरणे विरळ आहेत. पण 'रोज एक गोळी, कायमची' असे स्वतःच ठरवून टाकणाऱ्यांनी ती ध्यानात घ्यावीत.

या औषधांचा इतिहासही चिठ्ठीचे महत्त्व सांगून जातो. गुंगी न आणणारे म्हणून गाजलेले टर्फेनाडिन, एरिथ्रोमायसिन किंवा कीटोकोनाझोलसारख्या औषधांबरोबर घेतले असता हृदयाची लय बिघडवू शकते, हे नंतर उघड झाले आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारातून ते बाहेर पडले. त्याची जागा घेणारे फेक्सोफेनाडिन हे टर्फेनाडिनपासूनच शरीरात तयार होणारे, पण हृदयाला तो धोका नसलेले रूप. 'दुसरी कोणती औषधे चालू आहेत?' या डॉक्टरांच्या प्रश्नामागे असे अनुभव उभे असतात.

त्रास चिवट किंवा मध्यम-तीव्र असेल, आणि विशेषतः नाक चोंदत असेल, तर पहिली पसंती नाकातील स्टेरॉइडच्या फवाऱ्याला आहे: फ्ल्युटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड. भारताच्या २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ब्युडेसोनाइडच्या फवाऱ्याचा समावेश आहे. दोन्ही टप्प्यांवर, म्हणजे शिंकांवरही आणि सुजेवरही, याचा परिणाम होतो. एवढ्याने भागले नाही तर ॲझेलास्टिन हे अँटिहिस्टामिन आणि फ्ल्युटिकासोन यांचा एकत्रित फवारा मिळतो. विशेष म्हणजे या जोडफवाऱ्याचे पेटंट मुंबईच्या सिप्ला कंपनीचे आहे आणि २०१२ मध्ये त्याला अमेरिकेतही मान्यता मिळाली. सर्वच मिश्रणे वाईट नसतात, हे सांगायलाही हे उदाहरण पुरे. दोन्ही घटकांचा नाकाच्या ॲलर्जीवर स्वतंत्र उपयोग आहे आणि एकत्र दिल्याने तो वाढतो, हे येथे चाचण्यांनी दाखवलेले आहे.

भीती कशाची बाळगावी?

'स्टेरॉइड' हा शब्द कानावर पडताच आपल्याकडची आई दचकते. तिची भीती निराधार नाही. पोटातून दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, हे तिने पाहिलेले असते. पण फवाऱ्याचे प्रमाण पाहावे. प्रौढासाठी फ्ल्युटिकासोनची नेहमीची दैनंदिन मात्रा २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. फ्ल्युटिकासोन आणि मोमेटासोनच्या फवाऱ्यातील दोन टक्क्यांहून कमी औषध रक्तात पोचते. नाक कोरडे पडणे, थोडे रक्त येणे हे नेहमीचे दुष्परिणाम. मुलांना दीर्घकाळ देताना अधूनमधून उंची मोजावी आणि काचबिंदू असणाऱ्यांनी डॉक्टरांना ते सांगावे. पण 'सवय लागते' हा आरोप या फवाऱ्यावर चुकीचा आहे.

तो आरोप खरा ठरतो तो नाक मोकळे करणाऱ्या थेंबांबाबत. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन दोन मिनिटांत श्वास मोकळा करते, म्हणून ते लोकप्रिय. चार-पाच दिवसांपलीकडे वापरले की परिणाम ओसरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. उशाखाली ती बाटली ठेवल्याशिवाय झोप न येणारे अनेक जण प्रत्येक कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या पाहण्यात असतात. दोन्ही औषधे नाकातच जातात आणि दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. मग एकीची बदनामी दुसरीच्या माथी बसते.

फवाऱ्याच्या अपयशाचे आणखी एक साधे कारण आहे. तो कसा मारायचा, हे कोणी दाखवत नाही. बाटली हलवावी, मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डावीसाठी उजवा हात वापरावा, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूला ठेवावे आणि जोरात ओढून घेऊ नये. पूर्ण परिणामाला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. हे न सांगितल्यामुळे तिसऱ्या दिवशी 'फवारा चालला नाही' असे जाहीर होते आणि रुग्ण पुन्हा गोळीकडे जातो.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती माँटेलुकास्टबाबत. लेव्होसेटिरिझिनबरोबर जोडून हे औषध आपल्याकडे 'ॲलर्जीची गोळी' म्हणून मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्रास दिले जाते. मार्च २०२० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक, म्हणजे चौकटीतील इशारा सक्तीचा केला: दुःस्वप्ने, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार असे मानसिक परिणाम संभवतात. केवळ नाकाच्या ॲलर्जीसाठी, इतर औषधे लागू पडली नाहीत किंवा सोसली नाहीत तरच ते द्यावे, असेही बजावले. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनीही एप्रिल २०२४ मध्ये आपला इशारा अधिक ठळक केला. बहुसंख्य रुग्णांना हा त्रास होत नाही आणि दम्याच्या काही रुग्णांना या औषधाचा उपयोगही होतो. पण रात्री दचकून उठणाऱ्या, एकाएकी हट्टी झालेल्या मुलाच्या वागण्याचा संबंध त्या रोजच्या गोळीशी असू शकतो, हे पालकांना ठाऊकच नसेल तर ते डॉक्टरांकडे जाणार कसे?

'एक इंजेक्शन घ्या, हंगाम निघून जाईल' असे सांगून दंडात किंवा कमरेत दिले जाणारे दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइड हा तर उलटाच प्रकार. आराम पडतो, पण औषध अनेक आठवडे सर्व शरीरात राहते आणि दुष्परिणाम दिसू लागला तरी परत घेता येत नाही. केवळ नाकाच्या ॲलर्जीसाठी ते देऊ नये, अशी शिफारस आहे. ज्या घरात फवाऱ्याला नकार मिळतो त्याच घरात हे इंजेक्शन मात्र आनंदाने घेतले जाते.

शेवटची पायरी प्रतिकारशक्तीलाच शिकवण्याची. लंडनच्या लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये परागकणांचा अर्क वाढत्या मात्रेने टोचण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आजची 'इम्युनोथेरपी' त्याचीच वंशज. इंजेक्शने किंवा जिभेखालील थेंब-गोळ्या या स्वरूपात ती साधारण तीन वर्षे घ्यावी लागते. रोगाचा मार्ग बदलण्याची शक्यता असलेला हा उपचार आहे, पण नेमकी कोणती ॲलर्जी हे त्वचेच्या किंवा रक्ताच्या योग्य तपासणीने ठरलेले असेल तरच. इंजेक्शननंतर अर्धा तास थांबणे आणि तीव्र प्रतिक्रिया आल्यास तातडीच्या उपचारांची सोय असणे आवश्यक असते. शेकडो पदार्थांची यादी हाती ठेवणाऱ्या महागड्या 'पॅकेज' चाचण्यांतून हे साधत नाही. चाचणी लक्षणांच्या मागोमाग जायला हवी, पुढे नव्हे.

अमेरिकेची वाट

अमेरिकेत याच औषधांचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. १९९८ मध्ये एका विमा कंपनीने लोराटाडिन, सेटिरिझिन आणि फेक्सोफेनाडिन चिठ्ठीविना विकू द्यावे, असा अर्ज औषध प्रशासनाकडे केला. २००२ मध्ये लोराटाडिन, २००७ मध्ये सेटिरिझिन, २०११ मध्ये फेक्सोफेनाडिन आणि २०१३ पासून एकेक करून स्टेरॉइडचे फवारेही तेथे दुकानाच्या मांडणीत आले. विमा कंपनीला खर्चाचा भार रुग्णावर ढकलायचा होता, हे खरे. पण सुरक्षित औषधे चिठ्ठीच्या बाहेर येताना त्यांच्यावर एकाच घटकाचे नाव, वय, मात्रा, किती दिवस घ्यावे आणि केव्हा डॉक्टरांकडे जावे हे सोप्या भाषेत छापणे बंधनकारक राहिले. माँटेलुकास्टला चिठ्ठीविना परवानगी देण्यास मात्र २०१४ मध्ये सल्लागार समितीने विरोध केला आणि ते चिठ्ठीच्या आतच राहिले.

म्हणजे प्रश्न 'चिठ्ठी हवी की नको' असा सरसकट नाही. जिथे चिठ्ठी नसेल तिथे माहितीने तिची जागा घेतली पाहिजे. आपण चिठ्ठी व्यवहारातून काढून टाकली, पण तिच्या जागी काहीच ठेवले नाही. वेष्टनावरची माहितीसुद्धा कात्रीने कापून टाकली.

चिठ्ठीचा अर्थ

यातून बाहेर पडण्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. केंद्राने चिठ्ठीविना औषधांची यादी अंतिम करताना गुंगी न आणणाऱ्या अँटिहिस्टामिनांचा विचार करावा आणि माँटेलुकास्टसारख्या औषधांच्या विक्रीवर खरी नजर ठेवावी. वेष्टनावरील महत्त्वाचे इशारे मराठीसह प्रादेशिक भाषांत, वाचता येईल अशा अक्षरांत असावेत. फार्मासिस्टला केवळ परवान्याचा धनी न मानता सल्ला देणारा व्यावसायिक मानावे. 'वाहन चालवता का?', 'रक्तदाब आहे का?' हे दोन प्रश्न विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. डॉक्टरांनी औषधाच्या नावापुढे ते केव्हा थांबवायचे हेही लिहावे आणि फवारा एकदा प्रत्यक्ष मारून दाखवावा.

आणि रुग्णाने? त्याने गादी-उशांच्या खोळी आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात, भिंतींची ओल काढावी, नाक धुवायचे असल्यास उकळून गार केलेलेच पाणी वापरावे. एकाच नाकपुडीतून सतत रक्त किंवा घट्ट स्राव येणे, चेहरा दुखणे, छातीत घरघर ही लक्षणे असतील तर दुकानाची पायरी चढू नये, दवाखान्याची चढावी. औषध हाती पडताच तीन गोष्टी विचाराव्यात: यात कोणकोणती औषधे आहेत, ती किती दिवस घ्यायची आणि काय झाले तर थांबवायची.

चिठ्ठी म्हणजे खरेदीची पावती नव्हे. निदान, निवड आणि मुदत या तीन निर्णयांची ती नोंद असते. हे तीन निर्णय कोणीतरी घेतलेले असतील, मग ते दवाखान्यात असोत, जबाबदार फार्मासिस्टसमोर असोत वा नीट छापलेल्या वेष्टनाच्या आधारे असोत, तर नाकाची ॲलर्जी हा सहज आटोक्यात राहणारा आजार आहे. ते कोणीच घेतलेले नसतील, तर कापलेल्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या आज शिंका थांबवतील, आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस रुमाल नाकाला लावून त्याच काउंटरसमोर उभा असेल.